अत्तींची शेवटची ओळ

आमच्या धारवाडच्या घरात स्वयंपाकघराची भाषा कन्नड आणि अभ्यासाच्या खोलीची मराठी. सासूबाईंना मी अत्ती म्हणत असे. त्या गेल्या, त्याच्या आदल्या वर्षी आम्ही मायलेकींनी त्यांच्याकडून तीस-पस्तीस पदार्थ सांगून घेतले. त्या कन्नडमध्ये सांगायच्या, लेक टाइप करायची आणि शेजारच्या रकान्यात मी मराठी करायची. गुरेळ्ळ चटणीशेजारी कारळ्याची चटणी अशी छान बसली. कागद वाचावा म्हणून लेकीने समास जेमतेम बोटभर ठेवले आणि घरच्याच प्रिंटरवर पानं काढली.

पुढे कॉम्प्युटर बिघडला, फाइल गेली. पानं तेवढी राहिली. संक्रांतीला शेंगाहोळिगेचं पान काढलं, तर शेवटच्या एक-दोन ओळी नाहीतच! बाकीची पानं पाहिली, तीच गत. अत्तींची सवय अशी, की सगळं सांगून झालं की “मत्त, इन्नोंद ऐती” म्हणून खरी खूण शेवटी सांगायच्या. नेमकी तीच गेली.

चूक कागदाची नव्हती, आमची होती. आपला कागद ए-फोर, म्हणजे 210 बाय 297 मिलिमीटर. अमेरिकेत चालतो तो लेटर, 216 बाय 279. किंचित रुंद, पण 18 मिलिमीटर आखूड. प्रिंटर आणला तेव्हा त्यात लेटरच ठरलेला होता आणि तो कुणी बदललाच नाही. ट्रेमध्ये ए-फोर, प्रिंटरच्या डोक्यात लेटर! तेवढं छापून तो थांबला आणि खालच्या पांढऱ्या पट्टीला आम्ही समास समजलो.

छापताना उघडणाऱ्या खिडकीत ए-फोर निवडलं, तर ते बहुधा त्या वेळेपुरतंच राहतं. कायमचं करायचं तर कॉम्प्युटरच्या सेटिंग्जमध्ये आपला प्रिंटर शोधून ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’मध्ये ए-फोर ठेवावं लागतं. शिवाय फाइलच्या पानाचं मापही तेच हवं. काही प्रिंटर कागद भरल्यावर छोट्या पडद्यावर माप विचारतात. तिथे घाईत ओके दाबू नये. (आमच्या घरात ओके दाबण्याची घाई कुणाला, ते लिहीत नाही.)

कागद भरण्याचीही एक रीत आहे. धारवाडच्या पावसाळ्यात उघडा गठ्ठा दमट होतो, पानं एकमेकांना चिकटतात आणि दोन-दोन आत जातात. म्हणून उरलेला कागद वेष्टनातच ठेवावा. भरताना गठ्ठा पत्त्यांसारखा फुलवून टेबलावर ठोकून सारखा करावा. बाजूच्या पट्ट्या कागदाला नुसत्या टेकाव्यात, आवळू नयेत. छपाई कुठल्या बाजूला येते ते कळत नसेल, तर एका पानावर पेन्सिलीने फुली मारून छापून पाहावं. एवढं साधं मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

आता त्या पांढऱ्या पट्टीत आम्ही पेन्सिलीने लिहितो. शेंगाहोळिगेला ह्यांना आठवतं, की सारण आणि कणीक सारखीच मऊ हवी. नणंदबाई फोनवर म्हणाल्या, “छे, अव्वा गुळाचं सांगायची, तो किसूनच घ्यायचा.” दोन्ही लिहिलं. अकरा पानांची पट्टी अजून कोरी आहे.