बावीस लंगोट

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. कारण सांगायला हवं का? तीन महिन्यांपूर्वी आमच्या घरी कन्यारत्न आलं आणि तेव्हापासून 'वीकएंड' नावाची गोष्ट जगात असते एवढं फक्त ऐकून आहे. आत्ता ती झोपलीय. किती वेळ ते तीच जाणे, त्यामुळे पटापट लिहितो.

तर आजचा विषय आहे लंगोट. हसू नका.

आधी पार्श्वभूमी. आमच्या ग्रुपमधला 'तो पर्यावरणवाला' म्हणजे मी. ऑफिसच्या कँटीनमध्ये स्वतःचा स्टीलचा पेला नेणारा, भाजीवाल्यापुढे ऐटीत खिशातून कापडी पिशवी काढणारा, आणि लग्नाच्या हॉलवर पाण्याच्या बाटल्यांचे खोके दिसले की तोंड वाकडं करणारा. हे खूळ डोक्यात शिरायला एक कारण झालं. २०१७ च्या उन्हाळ्यात मी पुण्यात इंजिनिअरिंगला होतो. उरुळी देवाची-फुरसुंगीच्या कचरा डेपोला आग लागली आणि वर्षानुवर्षं अख्ख्या शहराचा कचरा सोसणाऱ्या तिथल्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. पुढचे काही आठवडे पुण्यात जागोजागी ढीग. आमच्या होस्टेलच्या कोपऱ्यावर कुत्री रात्रभर पिशव्या फाडायची, आणि सकाळी रस्त्यावर सगळ्यात जास्त काय दिसायचं, तर फुगलेले डायपर. सबमिशनच्या धावपळीत रोज तिथून नाक दाबून जायचो. तेव्हापासून डायपर म्हटलं की मला बाळ आठवत नाही, तो कोपरा आठवतो.

त्यामुळे बायकोला सातवा लागला तेव्हाच मी जाहीर करून टाकलं, आपल्या बाळाला एकही वापरून फेकायचा डायपर लावायचा नाही. एक्सेल शीटसुद्धा केलं. दिवसाला आठ धरले तरी अडीच वर्षांत सात हजारांच्या वर! बायको म्हणाली, "बघू." आई फोनवर हसली. "अरे, तुझ्या वेळी कुठे होते डायपर? पण धुवायला मी होते." ह्यातलं पहिलं वाक्य मी पुढे बऱ्याच जणांना ऐकवलं. दुसरं तेव्हा नीट ऐकलंच नाही.

बायकोचं माहेर सांगलीचं. पण डॉक्टर इथल्या, म्हणून बाळंतपण पुण्यातच करायचं ठरलं आणि सासूबाई इकडे आल्या. त्यांच्या बॅगेतून अळीव, डिंक, बाळंतशेपा असा सगळा सरंजाम निघाला, आणि तळाला जुन्या सुती साड्यांची दुपटी आणि मामंजींच्या धोतरांचे फाडून शिवलेले लंगोट. धुऊन धुऊन सायीसारखे मऊ झालेले. मी तर खूशच झालो. म्हटलं, ह्याला म्हणतात झिरो वेस्ट! नाहीतर तेच कापड 'ऑरगॅनिक कॉटन' म्हणून हजार रुपयाला ऑनलाइन विकतात. असो.

लेक जन्मली जुलैच्या पहिल्या आठवड्यात. आणि जुलैतला पुण्याचा पाऊस म्हणजे... ज्यांनी कपडे वाळवलेत त्यांनाच कळेल. हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या, खुर्च्यांच्या पाठींवर दुपटी, पंखा पाचवर. पाहुणे वाकून आत यायचे. एक रविवारी मी मोजलं, चोवीस तासांत बावीस लंगोट आणि नऊ दुपटी. हे पाच किलोसुद्धा नसलेल्या प्राण्याचं आउटपुट! लंगोटात धरून ठेवायला काहीच नसतं, त्यामुळे एक शू म्हणजे लंगोट, दुपटं, झबलं आणि बाळ सगळंच बदलायचं. इस्त्री फिरवूनही कापड दमटच. सासूबाई ओव्याची धुरी बाळाला द्यायच्या आणि उरलेल्या धगीवर लंगोट धरायच्या.

मला कंपनीने दहा दिवसांची रजा दिली होती. खासगी कंपनीतल्या बापांसाठी त्याचा कायदाच नाही, त्यामुळे दहा मिळाले म्हणून मी त्यातही खूश. अकराव्या दिवशी लॅपटॉप उचलून हिंजवडीला गेलो. जाताना टीममध्ये सांगितलं, "आम्ही डायपर वापरत नाही." 'आम्ही' हा शब्द लक्षात ठेवा.

कारण आता ह्या 'आम्ही'चा हिशेब बघा. धुण्या-भांड्याच्या मावशींनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "दादा, शूचे देते धुऊन, शीचे नाही जमणार." बरोबरच आहे, ठरलेल्या पगारात ते नव्हतंच. मशीनमध्ये टाकायचे तरी आधी शी धुऊन, भिजवून, मगच टाकता येतात. ते कोण करत होतं? सासूबाई. वय बासष्ट, दोन्ही गुडघे दुखरे, न्हाणीत पाटावर बसून. आणि रात्री बायको. टाके ओले असताना. मी रात्री उठायचो, नाही असं नाही, पण 'उद्या सकाळी स्टँडअप आहे' हे वाक्य घरात सगळ्यांना पाठ झालं होतं.

एका रात्री तीनच्या सुमाराला जाग आली. खोलीत दिवा, बाळ रडतंय, बायको पलंगाच्या कडेला हातात ओलसर लंगोट घेऊन बसलेली. कोरडा एकही नव्हता. मी म्हणालो, "थांब, इस्त्री लावतो." ती माझ्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणाली, "तुझं पर्यावरण माझ्या कमरेवर उभं आहे. कळतंय का तुला?"

ओरडली असती तर बरं झालं असतं.

पावसात बाइक काढून हॉस्पिटलजवळच्या रात्रभर उघड्या मेडिकलमधून डायपरचं पाकीट आणलं. सासूबाई जाग्याच होत्या. पाकीट बघून काही बोलल्या नाहीत. सकाळी फक्त म्हणाल्या, "जावईबापू, काल दोघी पाच तास झोपल्या." 'दोघी' म्हणजे मायलेकी.

आता इंजिनिअर माणूस हरला की काय करतो? डेटा शोधतो. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेचा २००८ चा एक अभ्यास सापडला. अडीच वर्षांत एका बाळाच्या डायपरचं कार्बन उत्सर्जन साधारण ५५० किलो. आणि कापडी? सरासरी ५७० किलो! म्हणजे जवळपास सारखंच. मात्र खरी मेख धुण्यात आहे. मशीन पूर्ण भरून चालवलं, ड्रायर न लावता दोरीवर वाळवलं आणि तेच कापड दुसऱ्या बाळाला वापरलं, तर कापडी बरेच खाली येतात. पुढे २०२३ मध्ये तिथल्याच सरकारी खात्याचा नवा अभ्यास आला. त्यात कापडी डायपर सुमारे २५ टक्क्यांनी सरस निघाले. मी उत्साहाने हे बायकोला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "ह्यात धुणाऱ्याचा कॉलम आहे?"

नव्हता. वीज होती, पाणी होतं, कापूस होता. न्हाणीतला पाट नव्हता.

पण फेकणाऱ्याचा तरी कॉलम कुठे होता? ते कळलं त्याच आठवड्यात. आमच्या सोसायटीत 'स्वच्छ'च्या ताई येतात. कचरावेचकांची ही सहकारी संस्था २००८ पासून पुण्यात दारोदार कचरा गोळा करते. मी पहिल्यांदाच डायपर सुक्या कचऱ्यात टाकले होते, पिशवीत नुसते कोंबून. ताईंनी बेल वाजवली. "दादा, बाळ झालं का? पेढे कुठायत?" मी पेढे दिले. मग म्हणाल्या, "डायपर वेगळे द्या. पेपरात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. आम्हाला सगळं हाताने उघडून बघावं लागतं ना, ठिपका असला की हात घालत नाही."

ही लाल ठिपक्याची पद्धत मला माहीत होती. कुठेतरी वाचून मी ती फॉरवर्डही केली होती. स्वतः एक ठिपका काढला नव्हता, कारण आमच्या घरी डायपर येणारच नव्हते ना!

त्या दिवशी बायको, सासूबाई आणि मी बसून ठरवलं. दिवसा लंगोट, रात्री एक डायपर. बाहेर जाताना डायपर. आणि धुणं माझ्याकडे, शीचंसुद्धा. सासूबाईंना हे काही पटलं नाही, "पुरुषमाणसाने..." वगैरे झालं. मी म्हटलं, "तुमचे गुडघे माझ्या तत्त्वाहून महाग आहेत." त्या लाजल्या, पण पाट सोडला.

आता रोज पहाटे साडेपाचला मी न्हाणीत असतो. शी आधी कमोडमध्ये झटकायची, मग गार पाण्यात खळबळायचं, गरम पाण्यात भिजवायचं, मग मशीन. कपडे मऊ करणारं ते सुगंधी द्रव्य टाकायचं नाही, त्याने कापड पाणी शोषेनासं होतं (हे चुकून शिकलो, विचारू नका). पहिल्या आठवड्यात दोनदा ओकारी आली. आता बाळाची तब्येत लंगोट बघून सांगू शकतो. रात्रीच्या डायपरात सोडियम पॉलिअॅक्रिलेट असतं, आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी शोषून जेल होणारं. रोज सकाळी ते जड, गार गाठोडं पेपरात गुंडाळताना होस्टेलचा कोपरा आठवतोच. ठिपका काढतो.

आणि एक. धुणं हातात आल्यापासून बावीसचा आकडा पंधरावर आला. काही गूढ नाही, बाळ मोठं होतंय. पण शिवाय झोपेतून उठल्या उठल्या आणि दूध प्यायल्यावर तिला न्हाणीत धरायचं आणि 'शूऽऽ' करायचं, ही सासूबाईंची जुनी युक्ती मी मनावर घेतली. आधी हसायचो. स्वतः धुवायला लागल्यावर माणूस काहीही शिकतो.

ऑक्टोबर सुरू झाला, ऊन पडलंय. गच्चीवर दोन तासांत लंगोट कडकडीत वाळतात. सेक्रेटरी काका म्हणाले, दर्शनी बाजूला नको. मागच्या बाजूला दोरी बांधली.

सासूबाई दिवाळीनंतर सांगलीला जाणार. बायकोची सव्वीस आठवड्यांची रजा जानेवारीत संपते. काल दोघं पाळणाघर बघून आलो. स्वच्छ आहे, बायका प्रेमळ आहेत. नियमांच्या कागदावर तिसरा मुद्दा होता, रोज चार डायपर नाव लिहून पाठवावेत, कापडी चालणार नाहीत. मी विचारायला तोंड उघडलं, तर बायकोने फक्त तिथल्या ताईंकडे नजर टाकली. एक बाई, सात मुलं. मी तोंड मिटलं आणि विचारलं, "वापरलेले मी संध्याकाळी घरी नेले तर चालतील का?"

त्या जरा चमकल्या. म्हणाल्या, विचारून सांगते.

उठली वाटतं...