न्हाणीघरातलं नाट्यगृह

जर्मन नृत्यदिग्दर्शिका पीना बाऊशचं नाव निघालं की लोक तिच्या नृत्यसंस्थेच्या वुपरटालचा रस्ता धरतात. ती जिथं नृत्य शिकली त्या एसेन शहराकडे सहसा कोणी फिरकत नाही. फिरकलंच, तर १०७ नंबरच्या ट्रामनं त्सोलफराइन या कोळशाच्या खाणीवर उतरायचं, बारा नंबरच्या शाफ्टचा मनोरा पाहायचा आणि परतायचं. मनोरा देखणा आहे, वाद नाही. १९३२ साली सुरू झालेला हा शाफ्ट दिवसाला १२ हजार टन कोळसा वर काढण्याच्या हिशेबानं बांधलेला. २००१मध्ये खाण युनेस्कोच्या यादीत गेली. गाइडांची पोपटपंची याच आकड्यांपाशी घुटमळते. पाहण्याजोगी खरी जागा मात्र जुन्या शाफ्टजवळ आहे. कामगारांच्या न्हाणीघरात आज ‘पाक्ट त्सोलफराइन’ हे समकालीन नृत्याचं नाट्यगृह चालतं. जर्मन खाणींची रीत अशी होती: घरचे कपडे एकीकडे, खाणीतले काळे दुसरीकडे, मध्ये अंघोळीची जागा. कपडे आकड्याला अडकवून साखळीनं छताशी ओढायचे आणि साखळीला कुलूप ठोकायचं. वरच्या गरम हवेत ते वाळत. पाठीपर्यंत स्वतःचा हात पोचत नाही, म्हणून एकमेकांची पाठ घासून द्यायची. भिंतींवरच्या टाइल्स आणि साबणाच्या खाचा अजून आहेत. मनोरा यंत्रासाठी उभारला, ही इमारत देहासाठी. म्हणून नाच इथं उपरा वाटत नाही.

यावर इतिहासकारांचा आक्षेप ठरलेला आहे: १९८६मध्ये खाण बंद पडली, कामगार गेले आणि त्यांच्या कष्टांची शोभा करायला कलावंत आले. पण एसेनमध्ये नाच खाणीच्या मढ्यावर आलेला नाही. नृत्यदिग्दर्शक कुर्ट योस यांनी इथल्या फोल्कवांग शाळेत, जिथं पुढं बाऊश शिकली, नृत्यविभाग उभा केला तो १९२७मध्ये. युद्ध ठरवणाऱ्या मुत्सद्द्यांची खिल्ली उडवणारं त्यांचं ‘हिरवं टेबल’ हे नृत्यनाट्य १९३२चं, म्हणजे बारा नंबरच्या शाफ्टच्याच वयाचं. ज्यू सहकाऱ्यांना काढायला नकार दिल्यामुळे पुढच्याच वर्षी त्यांना देश सोडावा लागला. कोळशाइतकंच नृत्यही याच मातीतलं आहे.

तरीही आक्षेपाला एक धार उरतेच. दुसऱ्या महायुद्धानंतर फोल्कवांग नांदली ती वेर्डेनला, शहराच्या सधन दक्षिणेत. खाण होती ती कामगारांच्या उत्तरेत. एकाच शहरात असूनही या दोघांची सोयरीक कधी नव्हती. मला वाटतं, न्हाणीघरातल्या नाट्यगृहाचं मोल इथंच आहे: नाच दक्षिणेतून उत्तरेत आला. त्यानं रोजगार परत आणलेला नाही, आणि तसा दावा कोणी केला तर तो खोटा. पण शेजारच्या काटर्नबर्ग वस्तीत पाक्टनं ‘वेर्कश्टाट’ नावाची जागा उघडली आहे, शेजारपाजारच्या लोकांबरोबर काम करण्यासाठी. इतिहासकारांनी वाद घालायचाच असेल तर मनोरा सोडून तिथं जाऊन घालावा.