राख आणि पाचोळा

राखेच्या बुधवारी कपाळावर लागणारी राख कोठून येते, हे लहानपणी मला ठाऊक नव्हते. चुलीतली असावी, अशी माझी समजूत होती. पुढे कळले की गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित झालेल्या झावळ्या, ज्या घरोघरी क्रूसामागे खोचून ठेवलेल्या असतात, त्याच वाळल्यावर परत गोळा करून जाळतात आणि त्यांचीच राख नव्या प्रायश्चित्तकाळाच्या आरंभी आपल्या कपाळावर येते. जयजयकाराची पाने मातीची आठवण करून देण्यासाठी वर्षभराने परत येतात. त्यातले एकही पान कचऱ्यात जात नाही. माळीकाम हा माझा चरितार्थ असल्यामुळे असेल, मला ही प्रथा इतर अनेक प्रथांपेक्षा अधिक जवळची वाटत आली आहे. आणि तरीही, याच राखेच्या सप्ताहात माझ्या हातून एक अपराध घडला. तो सांगितल्याशिवाय पुढचे काही सांगता येणार नाही.

भोकर हे आमचे गाव नांदेड जिल्ह्यात, मुदखेडहून आदिलाबादला जाणाऱ्या लोहमार्गावर, तेलंगणाच्या सीमेला लागून आहे. गावाबाहेर माझी लहानशी रोपवाटिका आहे. बंगले, शाळा, दवाखाने, मंगल कार्यालये यांच्या आवारात बागा तयार करून देणे आणि त्या राखणे, हा व्यवसाय. काम भोकरपेक्षा नांदेडलाच अधिक. लोक आमच्या कामातले हिरवे तेवढे पाहतात. फाटकातून आम्ही जे बाहेर नेतो, त्याकडे कोणी पाहत नाही. मेंदीच्या कुंपणाची छाटणी, कापलेले गवत, अशोकाचा पाचोळा, गुलमोहराच्या शेंगा, काळ्या प्लास्टिक पिशव्यांचे ढीग, फुटक्या कुंड्या, शहाबादी फरशीचे तुकडे, जुन्या ठिबकच्या नळ्या. एका बंगल्याची बाग उभी राहते तेव्हा दोन ट्रॉल्या तरी ऐवज बाहेर पडतो. तो कोठे जातो, हे घरधनी विचारत नाही. विचारलेच तर ‘टाकून येतो’ एवढे उत्तर पुरते.

आम्ही तो नाल्याकाठी टाकत असू. हिरवा असेल तर वाळू देत असू आणि वाळला की काडी लावत असू. माझे वडील असेच करीत, त्यांच्याकडून मी हे शिकलो. मराठवाड्यात माघ-फाल्गुनात संध्याकाळी कोठेही पाहा, बांधावर, रस्त्याकडेला धूर दिसतोच. त्यात काही वावगे आहे, असे कोणाला वाटत नसे. मलाही वाटत नसे.

2016 साली राखेचा बुधवार 10 फेब्रुवारीला होता. त्या वर्षीचा दुष्काळ वाचकांच्या स्मरणात असेल. सलग दोन पावसाळे हात राखून गेले होते आणि शेजारच्या जिल्ह्यांत जनावरांसाठी चारा छावण्या उघडल्या होत्या. बुधवारी मी कपाळावर राख घेतली आणि त्याच आठवड्यात शनिवारी रोपवाटिकेमागे साठलेल्या पाचोळ्याला स्वतःच्या हाताने काडी लावली. वारा नव्हता. निदान काडी ओढली तेव्हा नव्हता. अर्ध्या तासाने तो उठला आणि जळती पाने बांधापलीकडे गेली. बांधापलीकडे शेजारच्या मामांच्या कडब्याची गंज होती.

मामा माझे नात्याने कोणी नव्हेत. वडिलांच्या बरोबरीचे, म्हणून मामा. गंज पेटल्यावर ती विझत नाही. पाणी असते तरी विझली नसती आणि पाणी तर नव्हतेच. आम्ही घमेल्याने माती टाकत राहिलो. काठच्या दोनेक शेकडा पेंड्या ओढून वाचवल्या. बाकी सारे रात्री आठपर्यंत संपले. मामा बांधावर उकिडवे बसून होते. मी जवळ जाऊन म्हणालो, “मामा, चूक माझी आहे. पैसे भरून देतो.”

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “पैसे देशील रं. पण कडबा कुठून आणशील? बैलं काय पैसे खातेत, का राख खातेत?”

त्या वर्षी कडबा पैसे देऊनही मिळत नव्हता. तेलंगणातून आलेला थोडा भाताचा पेंढा मी मिळवून दिला. तो बैलांना मानवला नाही. चैत्रात मामांनी जोडी विकली. किंमत काय आली, ते त्यांनी मला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मी दिलेले पैसे त्यांनी घेतले. पापनिवेदन केले तेव्हा धर्मगुरूंनी मला प्रार्थना सांगितल्या, त्या मी म्हटल्या. परंतु भरपाई आणि क्षमा यांच्यामध्ये काही तरी उरते, ते बांधावरून येता-जाता मला रोज दिसत असे. त्या काळ्या वर्तुळावर दोन वर्षे गवत नीट उगवले नाही.

त्यानंतर मी पाचोळा जाळला नाही. एवढे ठरवणे सोपे होते. पण न जाळता त्याचे करायचे काय, हा प्रश्न ट्रॉलीसारखा दाराशी उभा राहिला. आणि गंमत अशी की त्याचे उत्तर आपल्याच मुलखातल्या जुन्या कागदांत पडून होते. इंदूरच्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने 1924 पासून शेतातल्या टाकाऊ मालापासून खत करण्याचे प्रयोग केले. 1931 मध्ये त्यावर जे पुस्तक निघाले, त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड हे नाव सहलेखक म्हणून आहे. जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून जिचा गौरव झाला, तीत एका भारतीयाचा बरोबरीचा वाटा होता, हे मला पन्नाशी गाठेपर्यंत माहीत नव्हते. त्या पद्धतीत पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि थोडी राख यांचे थर लावायचे, ओल राखायची, ढीग ठरावीक दिवसांनी उलथायचा आणि तीन महिन्यांत खत काढायचे. मला सर्वांत आवडली ती त्यांची एक साधी युक्ती. पऱ्हाटी आणि तुराट्या लाकडासारख्या कठीण, लवकर कुजत नाहीत. तेव्हा त्या शेतातल्या गाडीवाटेवर पसरून ठेवायच्या. बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या आपोआप चेचल्या जातात. मी मेंदीच्या आणि बोगनवेलीच्या फांद्या रोपवाटिकेच्या वाटेवर पसरू लागलो. ट्रॅक्टर दिवसातून चार वेळा त्यावरून जातो. यंत्र घ्यावे लागले नाही.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर यांच्या प्रयोग परिवाराचे नाव मी ऐकून होतो. गणिताचा हा प्राध्यापक पानाकडे सूर्यप्रकाश साठवणारी पेढी म्हणून पाहत असे. झाडाचे पान म्हणजे त्या झाडाची शिल्लक, ही दृष्टी एकदा आली की पान जाळताना नोटा जाळल्यासारखे वाटते.

परंतु लिहितो तितके हे सरळ झाले नाही. पहिला ढीग मी नुसत्या ओल्या कापलेल्या गवताचा केला. चार दिवसांत तो चिकट काळा गोळा झाला आणि अशी दुर्गंधी सुटली की रोपे घ्यायला आलेली गिऱ्हाइके फाटकातून परत गेली. हिरवे ओले एक भाग, तर कोरडे तपकिरी दोन-तीन भाग, हे प्रमाण मी नाकानेच शिकलो. दुसऱ्या ढिगात लव्हाळ्याच्या गाठी गेल्या. खत बागेत घातले आणि महिन्याभरात गिऱ्हाइकाच्या गुलाबांत लव्हाळाच लव्हाळा. त्या बागेत पुढचे वर्षभर मी फुकट खुरपणी केली. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून हुमणीच्या अळ्या गेल्या, त्या वेगळ्याच. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी उपटले तर उत्तम खत होते. फुलावर आल्यावर उपटले तर आपण त्याची पेरणीच करतो. ढिगात हात घातला आणि चटका बसला, म्हणजे तो नीट चालला आहे. थर्मामीटर लावला तर साठ अंशांच्या आसपास असतो. त्या उष्णतेत बहुतेक तणांचे बी मरते, लव्हाळ्याच्या गाठी मात्र माझ्या ढिगात तग धरून राहिल्या. म्हणून त्या मी आता उन्हात फरशीवर वाळवतो.

हे सारे झाले उरलेल्याचे. पण व्यवसायातला मोठा कचरा उरत नाही, तो आपण स्वतः विकत आणतो, हे त्याच उन्हाळ्यात लक्षात आले. दिवाळीनंतर नांदेडच्या एका बंगल्यात मी बाराशे चौरस फुटांची हिरवळ घातली होती. गालिच्यासारखे गवत, खाली कोणाच्या तरी शेतातून खरवडून आणलेली काळी माती. एवढ्या हिरवळीला उन्हाळ्यात दिवसाला सहाशे लिटरच्या आसपास पाणी लागते. 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून निघालेली पाच लाख लिटर पाण्याची आगगाडी लातूरला पोहोचली. त्या सकाळी मी त्या हिरवळीवर टँकरने पाणी मारून घेत होतो. माझ्या मुकादमाच्या खिशातल्या रेडिओवर ती बातमी लागली होती. आम्ही दोघेही काही बोललो नाही. तो फक्त नळी धरून उभा राहिला. महिन्याअखेरीस टँकरही बंद झाले, हिरवळ मेली आणि आम्ही ती सोलून, गुंडाळून दोन ट्रॉल्या भरून परत आणली. मजुरी लावायला घेतली, तशी काढायलाही घेतली. धंद्याच्या वहीत ती नफ्याची नोंद आहे.

केंद्राचे घनकचऱ्याचे नवे नियम त्याच एप्रिलमध्ये निघाले. बागेचा कचरा वेगळा ठेवावा, उघड्यावर जाळू नये, असे त्यांत स्पष्ट होते. नियमांनी मला फारसे बदलले असे म्हणता येणार नाही. नळी धरून उभ्या राहिलेल्या मुकादमाने बदलले. तेव्हापासून मी मागितल्याशिवाय हिरवळ सुचवत नाही, आणि मागितली तर आधी विहिरीत डोकावतो. कण्हेर, अडुळसा, तगर, बहावा, करंज सुचवतो. मोकळ्या जागेत फुटक्या शहाबादीच्या तुकड्यांच्या पायवाटा करतो. मधल्या फटींत गवत आपसूक येते. दोन कामे यामुळे हातची गेली. लोकांना छायाचित्रातल्यासारखी हिरवळ हवी असते आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही, कारण ती छायाचित्रे मीच दाखवत आलो होतो.

पिशव्यांचे प्रकरण लहान, पण शिकवून गेले. रोप लावताना मजूर पिशवी ब्लेडने चिरत. ती उलटी करून अलगद काढली तर दोन-तीन वेळा वापरता येते. मी वारंवार सांगत होतो, फरक पडत नव्हता. मग एका बाईने शांतपणे सांगितले, “दादा, तुम्ही रोपामागं पैसे देता. चिरल्यावर काम झटकन होतं.” चूक पुन्हा माझ्याच वहीत होती. रोजंदारी सुरू केली आणि पिशव्या वाचू लागल्या.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांचे ‘लाऊदातो सी’ हे परिपत्रक 2015 सालचे, म्हणजे माझ्या आगीच्या आठ-नऊ महिने आधीचे. वापरून फेकण्याच्या वृत्तीविषयी त्यात जे आहे, ते मी आगीनंतर वाचले. आधी वाचले असते तर काडी ओढली नसती, असे मात्र वाटत नाही. मला अधिक आठवते ते पाच भाकरींनंतरचे प्रभूचे वागणे. ज्याने हजारोंना पोटभर वाढले, त्याला उरलेले तुकडे गोळा करण्याची गरज नव्हती, तरी त्याने शिष्यांकडून टोपल्या भरून घेतल्या. आणि पुनरुत्थानाच्या सकाळी माग्दालियाला तो माळी वाटला, याचे मला माळी म्हणून नेहमीच अप्रूप वाटत आले आहे. त्याच्या हातांना माती लागलेली असेल का, असा प्रश्न एकदा मी धर्मगुरूंना विचारला होता. ते हसले.

मामांनी पुन्हा बैल घेतले नाहीत. भाड्याच्या ट्रॅक्टरने शेत करतात. त्यामुळे त्यांचा उकिरडा बंद झाला आणि इंदूर पद्धतीला जे शेण लागते, ते मला आता दूरच्या गोठ्यातून विकत आणावे लागते. ते वेळेवर मिळत नाही, तेव्हा ढीग थंड पडतो. दर वर्षी राखेच्या बुधवारानंतरच्या शनिवारी मी खताची एक ट्रॉली त्यांच्या शेतात नेतो. त्यांनी कधी मागितली नाही, कधी नकोही म्हटले नाही. या वर्षी ते काठी टेकत आले, वाकून मूठभर खत उचलले, चोळले, वास घेतला.

“पाला चांगला कुजलाय,” ते म्हणाले. “पण शेण कमी पडलं रं ह्यात.”

मी ट्रॉलीचा फाळका उघडला आणि फावडे घेतले.