दुखण्याचे घड्याळ

पित्ताशयातल्या खड्याचे दुखणे ओळखताना पोटाला हात लावण्याआधी वेळ विचारून घ्यावी लागते. खडा पित्ताशयाच्या तोंडाशी अडकला, की उजव्या बरगडीखाली किंवा छातीखालच्या खळग्यात सुरू झालेले दुखणे अर्ध्या तासात चढते, उजव्या खवाट्यापर्यंत जाते आणि खडा सुटला की काही तासांत उतरते. त्याला कळ म्हणत असले, तरी ते येत-जात नाही, एकसारखे राहते. सहा तास उलटूनही ते हटत नसेल आणि बरगडीखाली बोटे दाबली असता दीर्घ श्वास मध्येच तुटत असेल (या खुणेला मर्फीचे लक्षण म्हणतात), तर पित्ताशयाला सूज आली असावी. अर्थात ‘गॅस झाला’ म्हणत आलेल्या प्रौढाचा ईसीजी आधी काढावा, कारण हृदयाच्या खालच्या भिंतीच्या झटक्यातही याच जागी दुखू शकते.

मध्य प्रदेशातील पांढुर्णा-सौंसर या संत्र्यांच्या पट्ट्यात मात्र चाळिशीची स्थूल स्त्री हे पाठ्यपुस्तकी चित्र पुरत नाही. कारण इथे सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार आढळतो; शुक्ल आणि सोलंकी या संशोधकांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातील त्याची नोंद केली. या आजारात तांबड्या पेशी सतत फुटत राहतात, त्यांच्यातून सुटणाऱ्या बिलिरुबिनचे काळे खडे बनतात आणि म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या सडपातळ मुलालाही ही कळ येऊ शकते. पेच असा, की सिकलसेलच्या झटक्यातही पोट दुखते आणि डोळे एरवीही पिवळसर असतात. तेव्हा नेहमीच्या पिवळेपणापेक्षा वाढ झाली आहे का, बिलिरुबिनचा कोणता भाग वाढला आहे आणि सोनोग्राफीत पित्तनलिका रुंदावली आहे का, हे पाहावे लागते.

निदान होईपर्यंत वेदनाशामक रोखून धरण्याची जुनी सवय निष्कारण क्रूर आहे. डायक्लोफेनॅकचे ७५ मिलिग्रॅमचे इंजेक्शन प्रौढांत बहुधा काम करते; मूत्रपिंड दुबळे असेल किंवा जठरात व्रण असेल, तर मात्र ते टाळावे. दुखण्यासोबत थंडीताप आणि कावीळ दिसली, तर पित्तनलिकेतच जंतुसंसर्ग झाल्याचे समजून सलाइन व प्रतिजैविक सुरू करावे आणि एण्डोस्कोपीने नलिका मोकळी करण्यासाठी नागपूरला पाठवण्यात वेळ दवडू नये.

खरी अडचण कळ उतरलेल्या रुग्णाची असते. शल्यचिकित्सक तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढले, तेव्हापासून ही शस्त्रक्रिया सरावाची झाली, तरीही ‘संत्र्याचा बहार उतरला की करू’ असे म्हणत ती पुढे ढकलली जाते. म्हणून घरी सोडताना सोनोग्राफीचा कागद, शस्त्रक्रियातज्ज्ञाकडे जाण्याची तारीख आणि कोणत्या लक्षणांवर लगेच परत यायचे ते, घरच्या माणसासमोर वाचून दाखवावे.