होलोको : एका रस्त्याचे गाव

हंगेरीची राजधानी बुडापेस्ट. तिच्या ईशान्येला चेरहातच्या टेकड्यांत होलोको नावाचे लहानसे गाव आहे. वर टेकडीवर तेराव्या शतकातला दगडी किल्ला, खाली पालोत्स लोकांची वस्ती.

गावाला मूळचा रस्ता एकच, घरे दुतर्फा. पहिल्या पिढीने रस्त्यालगत घरे बांधली. पुढे संसार वाढले, तशी मुलानातवंडांनी त्याच अरुंद जागेत मागे-मागे घरे उभी केली. धान्य-वैरणीची कोठारे मात्र गावाबाहेर, शेताच्या कडेला. हे शहाणपणच म्हणायचे, कारण या गावाचा खरा वैरी म्हणजे आग.

लाकूड चटकन पेट घेते म्हणून १७८३ साली लाकडी बांधकामाला बंदी करणारा हुकूम निघाला. तो गावकऱ्यांनी पाळला नाही आणि अंमलदारांनीही पाळायला लावला नाही. गाव पुन्हापुन्हा जळत राहिले. १९०९ साली शेवटची मोठी आग लागली. तरी लोकांनी घरे बांधली ती जुन्याच घडणीची! दगडी जोते, लाकडी सांगाडा, चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंती आणि पुढे लाकडी खांबांची पडवी. हुकूम मोडणाऱ्यांचे कौतुक करण्याचा माझा स्वभाव नाही. सारी नोकरी सरकारी खात्यात गेली. पण त्या हट्टामुळेच १९८७ साली या गावाचे नाव जागतिक वारशाच्या यादीत गेले.

मला मोलाची वाटते ती जमिनीची गोष्ट. कम्युनिस्ट राजवटीत हंगेरीत सामुदायिक शेतीसाठी जमिनी एकत्र केल्या गेल्या. होलोकोत मात्र पुढे गाव जतन करताना जुनी लांबट पट्ट्यांची शेती, फळबागा, द्राक्षमळे आणि भाजीपाल्याचे वाफे पुन्हा सुरू केले. अरुंद पट्टे म्हटले की आम्हा शेतीखात्यातल्या माणसांच्या कपाळाला आठी पडते. अवजार फिरत नाही, बांधात जमीन जाते. तरीही इथे ते योग्यच झाले असे मी म्हणेन. भोवतीचे शिवार गेले, तर मागे उरतात ती नुसती दाखवायची घरे.

ती भीती अजून सरलेली नाही. ईस्टरच्या सोमवारी तरुण मंडळी नटलेल्या मुलींवर बादल्यांनी पाणी ओततात, ते पाहायला दूरदूरचे प्रवासी लोटतात. पण गावात कायमची वस्ती आता चारशेचीही नाही. जुन्या घरांतून संग्रहालये, हातमागाचे काम, पाहुण्यांच्या खोल्या आहेत. घरामागच्या जागेत नवा संसार थाटणारी मुले मात्र थोडी.