फरसानचा कांदळ

सौदीत राहून जंगल बघायला निघालो म्हटलं की मंडळी हसतात. हसोत बापडी. जेद्दाहहून सातशे किलोमीटर गाडी हाणत आम्ही जिझानला पोचलो ते खास फरसान बेटांसाठी. गाडीत दशम्या, लसणीची चटणी, दोन मुलं आणि व्हिजिट व्हिसावर आलेल्या आई. आई मूळच्या वेंगुर्ल्याकडच्या. आल्यापासून त्यांचं एकच पालुपद, "सगळं छान आहे हो, पण हिरवं काही दिसत नाही."

जिझानहून सरकारी फेरीबोट माणसांना फुकट नेते, गाडीसुद्धा! नाव आधी नोंदवायचं, एवढंच. तासाभरात पलीकडे. फरसान म्हणजे प्रवाळी चुनखडीची शंभरावर लहानमोठी बेटं. १९९६ साली ती संरक्षित झाली आणि २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत सौदीतलं पहिलं जीवावरण क्षेत्र ठरली.

सकाळी वाटाड्याबरोबर पायी निघालो. पायवाट कसली, खडकांतून गेलेली रेघ! आपल्या चिंकाऱ्याच्या कुळातली फरसानी गझेल इथे मोकळी राहते. तासभर नुसत्या लेंड्या दिसल्या. मग झुडपाआड दोन कान. धाकटा आनंदाने ओरडला आणि खेळ खलास. त्याला रागावलो खरे, पण मग आम्हांलाच वाईट वाटलं. पोराने पिंजऱ्याबाहेरचं हरीण आजवर पाहिलंच नव्हतं.

खारफुटीत होडी शिरायला भरती लागते, म्हणून ती फेरी दुपारी. चिंचोळ्या पाण्यात दोन्ही अंगांना मुळांच्या कमानी. नावाड्याने हात केला, "कंदल."

आई ताडकन उभ्या राहिल्या, होडी डुलली. "काय म्हणाला तो? कांदळ? अहो, कांदळच आहे हा!"

झाड खरंच एकच. नाव इकडून तिकडे गेलं की तिकडून इकडे, ते पंडितांनी ठरवावं. फरसानच्या मोत्यांच्या व्यापाऱ्यांची हिंदुस्थानात ये-जा होतीच. पुढे तिवर लागली. तिला तो शूरा म्हणाला.

आई मात्र गप्प झाल्या होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "आमच्या खाडीतला कांदळ आमच्याच माणसांनी जळणाला तोडला. मोळ्या मीसुद्धा वाहिल्यात. तेव्हा कोण सांगणार?"

पाण्यावर कांदळाची एक लांब शेंग तरंगत आली. आईंनी ती उचलून पिशवीत टाकली. नावाड्याने मान हलवली. इथलं काही न्यायचं नाही. आम्ही ओशाळलो. तेवढ्यात ओहोटी लागून होडीचा तळ घासला आणि आम्ही दोघं पँटी वर करून ढकलायला चिखलात उतरलो. आईंनी वरून शेंग पुढे केली, "उतरलाच आहात तर एवढी रोवा." टोकाकडून रोवली. आईंनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "जरा खोल."