‘गॉडफादर’वर मी काय काय बोललो

आमच्या पुण्यातल्या छोट्या फिल्म क्लबात ‘गॉडफादर’वर बोलताना माझा एक हुकमी मुद्दा असायचा. एवढ्या लांबलचक सिनेमात ‘माफिया’ हा शब्द एकदाही येत नाही. हा दिग्दर्शक कपोलाचा संयम, नाव न घेता दहशत कशी उभी करावी ते यातून शिकावं, वगैरे. लोक वह्यांत टिपून घ्यायचे. मलाही तो मुद्दा आवडायचा, म्हणून मी तो कधी तपासलाच नाही.

संयमबिंयम काही नव्हतं. १९७० साली न्यूयॉर्कमध्ये जोसेफ कोलंबोने इटालियन-अमेरिकन सिव्हिल राइट्स लीग काढली. आमच्या लोकांना सरसकट गुंड ठरवतात, ही तिची तक्रार. सिनेमाला तिचा विरोध होता. शेवटी निर्माता अल रडीने कोलंबोशी बोलणी करून तो शब्द पटकथेतून काढून टाकला आणि मगच शहरातलं चित्रीकरण सुरळीत झालं. आता गंमत अशी, की हा कोलंबो स्वतः न्यूयॉर्कच्या पाच बड्या टोळ्यांपैकी एकीचा म्होरक्या. तक्रार रास्त आणि तक्रारदार असा! २८ जून १९७१ला कोलंबस सर्कलमधल्या लीगच्याच मेळाव्यात त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सिनेमाहून सुरस अशी ही कथा मी श्रोत्यांना कधी सांगितलीच नाही, कारण मी कलेबद्दल बोलत होतो.

दुसरी चूक जास्त वाईट. ‘इटालियन-अमेरिकन जीवनाचं दर्शन’ अशा भारदस्त नावाचा महोत्सव मी आखला आणि त्यात लावले ‘मीन स्ट्रीट्स’, ‘गॉडफादर’चे पहिले दोन भाग आणि ‘गुडफेलाज’. जीवनाचं दर्शन, आणि सगळीकडे पिस्तुलं! कुणीतरी ‘मार्टी’ सुचवला होता. ब्रॉन्क्समधल्या एका जाडगेल्या, लग्न न जमणाऱ्या खाटकाची ही गोष्ट; ‘त्यात काही घडत नाही’ म्हणून मी ती बाजूला सारली. १९५५च्या या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कारही मिळाला आणि नायकाचं काम करणारा अर्नेस्ट बोर्गनाइन स्वतः इटालियन आईबापांचा मुलगा. न घडताही बरंच काही घडलं म्हणायचं.

याहून लाजिरवाणी गोष्ट ‘सर्पिको’ची. ‘गॉडफादर’मधला मायकेल कोर्लिओने साकारल्यावर दुसऱ्याच वर्षी, १९७३ला, अल पचिनोने फ्रँक सर्पिको केला. हा खराखुरा पोलीस, न्यूयॉर्कच्या खात्यातल्या लाचखोरीविरुद्ध उभा राहिलेला, आणि तोही इटालियन घरातलाच. या सिनेमावर मी अनेकदा बोललो, पण प्रत्येक वेळी ‘पोलिसांवरचा सिनेमा’ म्हणून. गुंड इटालियन आहे हे मला दिसत होतं. प्रामाणिक हवालदार इटालियन आहे हे दिसत नव्हतं.

मी फसलो कुठे, याचा पुढे बराच विचार केला. ‘लिटल सीझर’, ‘स्कारफेस’ या १९३०च्या दशकाच्या आरंभीच्या सिनेमांतले गुंड ढोबळ आहेत, ते कुणी कुठल्या समाजाचा आरसा म्हणून पाहत नाही. पण कपोलाला ‘गॉडफादर’मधलं ते लग्न, ती गाणी, ते बायकांचं नाचणं आतून ठाऊक आहे. टोळीयुद्ध पेटलेलं असताना टोळीतला क्लेमेंझा मायकेलला टोमॅटोचा सॉस शिकवतो, ते तर अगदी घरचं. स्वयंपाकघर इतकं खरं, की शेजारच्या खोलीतली बंदूकही त्या समाजाचीच असणार, असं मी धरून चाललो. पडद्याबाहेरचा इतिहास मात्र वेगळा होता. १८८० ते १९२० या काळात सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत उतरले. बहुतेक दक्षिणेकडचे, गरीब. १८९१ला न्यू ऑर्लिन्समध्ये जमावाने त्यांच्यातल्या ११ जणांना ठार मारलं. दुसऱ्या महायुद्धात बेसबॉलपटू जो डिमॅजिओच्या इटालियन कोळी बापाला सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर जायला बंदी होती. यातलं काही माझ्या व्याख्यानात नव्हतं.

हे उमजल्यावर मी भलताच शहाणा झालो. भाचीकडे न्यू जर्सीला गेलो असता तिच्या शेजारच्या निवृत्त प्लंबरना, ज्यांचे आजोबा सिसिलीहून आलेले, मी गंभीरपणे म्हणालो, ‘सिनेमाने तुमच्यावर फार अन्याय केलाय.’ ते खो खो हसले. थँक्सगिव्हिंगला त्यांच्याकडे दरवर्षी ‘गॉडफादर’ लागतो आणि मुलांना संवाद पाठ आहेत! त्यांची बायको हसली नाही. ती शिक्षिका होती, आणि आडनाव ऐकल्यावर दर वर्षी वर्गातलं कुणी ना कुणी ‘तुमच्या घरी कोणी डॉन आहे का’ असं विचारायचंच. एका सिनेमावर मात्र दोघांचं एकमत होतं : १९९३चा ‘अ ब्रॉन्क्स टेल’. त्यात रॉबर्ट डी नीरोने बसचालक बाप केलाय, पोराला गल्लीतल्या दादापासून लांब ठेवू पाहणारा. ‘माझे वडील तसेच होते,’ ते म्हणाले.

स्वतःला डॉन दाखवणारा सिनेमा माणसं सणाला का लावतात, हे कोडं सुटलं ते माझ्याच जुन्या कात्रणांत. २००५ला ‘सरकार’ आला. रामगोपाल वर्मांनी आरंभीच ‘गॉडफादर’चं ऋण मान्य केलं होतं. मी लिहिलं होतं, की हिंदी पडद्यावर मराठी माणूस अखेर हवालदार आणि मोलकरीण यापलीकडे गेला. कोर्लिओनेच्या जागी ‘सरकार’मधला मराठी नागरे बसला याचा मला चक्क अभिमान वाटला होता. घराण्यातली मुख्य माणसं अमिताभ, अभिषेक, के के मेनन, सुप्रिया पाठक. त्यांत एकही मराठी नाही, हेही मला खटकलं नव्हतं. ‘गॉडफादर’मधले ब्रँडो आणि जेम्स कान इटालियन नाहीत, हे त्या प्लंबरनाही खटकत नाही. कायम हसं होण्यापेक्षा लोकांनी भ्यावं हे बरं वाटतं. वाटू नये, पण वाटतं.

यंदा महोत्सव नव्याने लावला : ‘मार्टी’, ‘मूनस्ट्रक’, ‘बिग नाइट’, ‘सर्पिको’. गर्दी निम्मीच होती. शेवटी दिग्दर्शक स्कॉर्सेसीचा १९७४चा छोटा माहितीपट, ‘इटालियनअमेरिकन’. त्यात त्याचे आईवडील आपल्या न्यूयॉर्कच्या घरात बसून नुसते बोलतात, एकमेकांना दुरुस्त करतात, आणि श्रेयनामावलीत आईच्या सॉसची कृती येते. ती लिहून घ्यायला लोकांनी पट्टी दोनदा मागे घ्यायला लावली. मटणाऐवजी सोयाबीन घातलं तर चालेल का, असं तिसऱ्या रांगेतल्या काकूंनी विचारलं. मी म्हणालो, चालेल. बहुधा हेही चुकलं.